गोलबटण्याचा दसरा

“जरा हळू बोल गं शैला, मी कंपनीशी बोलतोय,” आतल्या खोलीतून अप्पांनी आवाज दिला.

कंपनीशी कसले बोलतायत! रिसीव्हर कानाला लावून नुसते बसले होते. पलीकडून सनई वाजत होती, आणि सनई थांबली की एक बाई सांगत होती, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.” दर सोमवारी दुकान उघडून देवाला उदबत्ती लावली की अप्पांचा हाच कार्यक्रम. पडद्याआड जायचं, तारेच्या फोनवरून कंपनीचा नंबर फिरवायचा, मराठीसाठी तीन दाबायचं आणि ताठ बसून राहायचं.

“अप्पा, ती बाई रेकॉर्ड केलेली आहे,” मी म्हणाले. “तुम्ही बसलात काय आणि उठलात काय, तिला कळत नाही.”

“मला ठाऊक आहे. पण तिच्यामागं कुणीतरी खरा माणूस असेलच की.”

त्या दिवशी खरंच फोनवर एक माणूस आला. अप्पांनी त्याला नमस्कार केला, घरचे सगळे बरे आहेत का विचारलं, आणि मग म्हणाले, “साहेब, आमच्या फोनची सुधारणा कधी येणार? तुम्ही मागच्या दिवाळीला म्हणाला होता.” पलीकडचं पोरगं काहीतरी बोललं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर कळवलंय म्हणजे कुठं हो? किती मजले आहेत तुमच्याकडं?” तेवढ्यात फोन कट झाला. अप्पा बाहेर आले आणि मला म्हणाले, “वर कळवलंय त्यांनी.”

मी कपाळावर हात मारला.

अप्पा म्हणजे माझे सासरे, बाबूराव शेटे. विट्याच्या पेठेत त्यांचं मोबाईलचं दुकान. आमचे हे इस्लामपूरला बँकेत, उजाडता जायचे ते दिवेलागणीला यायचे, म्हणून दुकानात अप्पा आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. ही बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. अप्पांनी तिच्याबद्दल कुणाला वाईट बोलू दिलं नाही, तर आता मी कशाला बोलू?

कॉम्प्युटरच्या धंद्यातली बडी कंपनी. तिनं एकदा मनावर घेतलं आणि मोबाईल काढला. आतली सगळी यंत्रणा स्वतःची, दुसऱ्या कुणाची उसनी नाही. पडद्यावर निळ्या रंगात मोठाली गोल बटणं आणि त्यावर टपोरी मराठी अक्षरं. चष्मा घरी विसरला तरी वाचता येतील अशी. गावानं त्याचं नाव गोलबटण्या ठेवलं. कंपनीचा माणूस पेढे घेऊन आला, दुकानावर दिव्याची पाटी लावली, आणि तालुक्यातला एकमेव विक्रेता म्हणून अप्पांचा फेटा बांधून सत्कार केला. अप्पा हरखून गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन हातात देताना म्हणायचे, “डोळे झाकून घ्या. ही कंपनी वाऱ्यावर सोडणारी नव्हे. माझा शब्द आहे.”

आणि सोडलं की हो वाऱ्यावर! फोन उत्तम होता, खोटं कशाला बोलू. पडला तरी फुटायचा नाही. पण जगात रोज नवी ॲपं निघत होती आणि ह्याच्यावर एक चालेल तर शपथ. बँकेचं चालेना, फोटो पाठवायचं चालेना, समोरच्याचं तोंड दिसायचं तर नावच नको. कंपनी म्हणायची, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष यायचं आणि जायचं. बरं, बंद केलाय असंही सांगेना, म्हणजे आम्ही मोकळे झालो असतो. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. माझं तोंड सुटायचं. “त्या साहेबांच्या घरात एकाला तरी हा फोन वापरायला द्या म्हणावं, मग कळेल!” अप्पा शांतपणे म्हणायचे, “शैला, मोठं घर आहे. मोठ्या घरात एखाद्या पोराकडं लक्ष राहत नाही. येतील भानावर.”

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला दुसऱ्या एका कंपनीचा वागळे नावाचा माणूस आला. नीटनेटका, गोड बोलणारा. आमच्या कंपनीची अट अशी होती की दुकानात तिच्याशिवाय दुसऱ्याचा फोन ठेवायचा नाही. वागळे म्हणाला, “अप्पा, तो करार सोडा आणि आमची एजन्सी घ्या. नमुन्याला हा एक फोन ठेवून जातो, वापरून बघा. दसऱ्याला संध्याकाळी सहीला येतो. तुम्ही नाही म्हणालात तर समोरच्या आनंद स्टोअर्सला देणार, मग माझा नाइलाज आहे.”

दुकानात तेव्हा काय उरलं होतं? रिचार्ज आणि कव्हरं. आनंद स्टोअर्सला एजन्सी गेली असती तर दिवाळीनंतर आम्ही शटर ओढलं असतं, ही उघड गोष्ट होती. मी रोज मागे लागले. अप्पांचं एकच.

“लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून गोलबटण्या घेतलाय. अजून वापरतायत बिचारे. त्यांच्यासमोर मी दुसऱ्याची पाटी लावू? कुठल्या तोंडानं?”

“अहो पण दुकान राहिलं तर तोंड दाखवाल ना!”

“मला निजायचं असतं गं रात्री,” म्हणाले आणि नमुन्याचा फोन आतल्या खोलीतल्या खणात टाकून दिला.

आता खरी गंमत ऐका. बिचारे कुणी वापरत नव्हतं!

मला पहिल्यांदा कळलं ते कळंत्रे काकूंमुळे. काकू शिवणक्लास चालवायच्या, अप्पांच्या पहिल्या गिऱ्हाईक. भाजी बाजारात मेथी निवडता निवडता त्यांनी कमरेचा बटवा उघडला आणि आतून चकचकीत नवा फोन काढून बोलायला लागल्या. मला बघितलं आणि चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना चोरी करतानाच धरलं. मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, “शैला, तुला एकटीलाच सांगते. लेक दुबईला, तिचं बाळ बघायचं असतं गं मला. दुकानासमोरून जाताना मी गोलबटण्याच हातात धरते. अप्पांना बोलू नकोस हं. एवढ्या मायेनं दिलाय त्यांनी. काळीज तुटेल त्यांचं.”

मग तानाजी माने. दुधाचा टेंपो चालवायचा. “वहिनी, तुमाला म्हणून सांगतो. डेअरीचा सगळा हिशेब आता त्या ॲपवर. म्या काय करू? पण अप्पांपुढं न्हाई काढत. आपल्यामुळं म्हाताऱ्या माणसाचा जीव दुखायला नको.” मग पोतदार सराफ, त्यांचंही तेच, “आपल्या दोघांतच ठेवा.” प्रत्येकाच्या खिशात दोन फोन, एक कामाला आणि एक अप्पांना दाखवायला. आणि प्रत्येकाला वाटायचं, आख्ख्या विट्यात गद्दार तो आपण एकटाच.

मी शपथा घालून घेतल्या आणि बसले पदरात निखारा बांधून. अप्पांना सांगावं तर त्यांच्या शब्दाचा गावानं एवढा मान राखला आणि तो मी मोडायचा. न सांगावं तर दुकान जातंय. दोन-तीनदा ओठांवर आलं. अप्पा तेव्हा फडक्यानं गोलबटण्याची काच पुसत बसलेले असायचे. गिळून टाकलं.

त्यात गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं आणि जेसीबीनं टेलिफोनची तार तोडली. लाइनमन आज येतो, उद्या येतो, आलाच नाही. तारेचा फोन मुका झाला. मला वाटलं, चला, कंपनीची आराधना तरी थांबेल. कसली थांबते! अप्पा सोमवारी पडद्याआड जातच राहिले. गोलबटण्यावरून लावत असतील म्हटलं. पण एकदा आतून हसण्याचा आवाज आला. खो खो हसत होते. कंपनीशी बोलताना माणूस हसेल कशाला? त्या रात्री मी ह्यांना म्हणाले, “अप्पांना एकदा डॉक्टरांना दाखवू या का?”

दसरा उजाडला. पेठेत सगळीकडे यंत्रांची पूजा असते. कुणी वजनकाटा मांडतो, कुणी शिलाई मशीन. आमच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन. अप्पांनी पहिल्या वर्षी सुरू केलेली पद्धत. सोनं लुटायला जायच्या आधी सगळ्यांनी दुकानात जमायचं. पाटावर लाल कापड, पुढे स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमटे, मागे सगळ्यांचे गोलबटणे ओळीनं. हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडू. आरती झाली की अप्पा आत जायचे आणि एकेकाच्या नंबरला फोन लावायचे. ज्याचा फोन पाटावर वाजेल त्यानं उचलायचा आणि म्हणायचं, “बोला अप्पा.” अप्पा विचारायचे, “फोन बरा आहे?” त्यानं म्हणायचं, “बरा आहे.” की झाली पूजा. आधी दुकानात उभं राहायला जागा नसायची. त्या वर्षी तिघंच आले. कळंत्रे काकू, तानाजी, पोतदार.

तिघांनी आपापला गोलबटण्या पाटावर ठेवला. मी माझा ठेवला. हो, माझा खराखुरा होता. कंपनीला सगळ्यात जास्त शिव्या मी घालायचे, आणि दुसरा फोन घेतला नव्हता तोही मीच. एकाचंच चार्जिंग माझ्या लक्षात राहत नाही, दोन-दोन कोण सांभाळणार? सगळ्यात पुढे अप्पांचा स्वतःचा, त्यावर मोठा झेंडू.

आरती झाली. अप्पा म्हणाले, “थांबा, फोन लावतो,” आणि पडद्याआड गेले.

इतक्या वर्षांची सवय, तार तुटलीय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला काळजी दुसरीच. ह्या तिघांनी आजच्यापुरतं तरी सिम जुन्या फोनात घातलंय ना?

तेवढ्यात घंटी वाजली. पाटावर नाही. काकूंच्या कमरेला.

काकूंनी बटव्यावर असा हात दाबला, जसा आत उंदीर शिरलाय. घंटी काही थांबेना. शेवटी पाठ फिरवून बटव्यातला काढला, दुसऱ्या हातानं पाटावरचा गोलबटण्याही उचलला आणि दोन्ही तोंडापुढे धरून म्हणाल्या, “बोला अप्पा!”

आतून आवाज आला, “काकू, फोन बरा आहे?”

“बरा आहे हो! एकदम बरा!”

तानाजी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. काय ही बाई, अप्पांच्या दुकानात उभी राहून! तो तोंड उघडणार एवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात हलगी कडाडली. हो, हलगीच लावली होती पठ्ठ्यानं घंटी म्हणून, टेंपोच्या आवाजात ऐकू यावी अशी. पेठेच्या टोकापर्यंत गेली असेल.

“ब... बोला अप्पा.”

“तानाजी, फोन बरा आहे?”

“झकास हाय अप्पा.”

अप्पांचा आवाज कापत होता. मला वाटलं, कळलं म्हातारबाबांना, आता रडतील, आणि आज दसऱ्याचा दिवस! पोतदारांना परिस्थिती समजली. माणूस हुशार, वाजायची वाट न बघता त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातला फोन काढून तळहातावर ठेवला. तो वाजला तसा म्हणाले, “बोला अप्पा. बरा आहे. दोन्ही बरे आहेत.”

काकू तानाजीकडे बघतायत, तानाजी पोतदारांकडे. “म्हणजे तुम्हीपण?” काकू कुजबुजल्या. तानाजीनं कान पकडले. मला हसू आवरेना, रडूही आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आणि पाटावरचा एक फोन वाजला. गोलबटण्याची ती जुनी, साधी टिंगटिंग. माझा! मी झेंडू बाजूला करून उचलला. पडद्यावर टपोऱ्या अक्षरात नाव होतं, अप्पा.

मी “बोला” म्हणायला तोंड उघडलं आणि नजर खाली गेली. अप्पांचा फोन तर पाटावर होता. मोठ्या झेंडूखाली, गप. तारेचा फोन गणपतीपासून मेलेला. मग हा मनुष्य बोलतोय कशावरून?

मी पुढे झाले आणि पडदा सर्रकन ओढला.

अप्पा खुर्चीत बसले होते, वागळेनं ठेवलेला नवा फोन कानाला लावून. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून उठायला गेले, मग पुन्हा बसले.

“शैला,” त्याच फोनवर मला म्हणाले, “फोन बरा आहे?”

“अप्पा! हे कधीपासून?”

“गंगूअक्का गं.” गंगूअक्का म्हणजे जमखंडीची त्यांची थोरली बहीण. “तिचे कान साफ गेले. तोंड दिसलं तर तिला बोलणं कळतं, नाहीतर नाही. गोलबटण्यात तोंड दिसेना. एका सोमवारी हा खणातला काढून बघितला, सिम घातलं, तिला लावला, तर समोर अक्का! बोळकं पसरून हसतीय माझ्याकडं. मग कसला ठेववतोय खणात?” त्यांनी डोळे पुसले. बाहेरच्या तिघांकडे त्यांना बघवेना. “ह्या लोकांच्या गळ्यात मी गोलबटण्या मारला, आणि लपून हा वापरतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वागळेला हो कसं म्हणणार? लोक तिकडं शब्द पाळतायत आणि मी इकडं...”

“आम्ही कुठं पाळतोय!” काकू रडत-हसत आत घुसल्या. “अहो अप्पा, मीच तुमची नजर चुकवत फिरतेय. तुमच्या शटरसमोर आले की नवा बटव्यात ढकलते आणि हा काढते.”

“म्या तर मागच्या गल्लीतनं टेंपो घालतोय,” तानाजी म्हणाला.

अप्पा एकेकाकडे बघत राहिले. “माझ्यासाठी?”

“मग काय कंपनीसाठी?” पोतदार म्हणाले.

अप्पांनी हात जोडले, काकूंनी ते धरून खाली केले.

मग अप्पांनी सगळ्यांना पुन्हा पाटाशी नेलं. खिशातले, बटव्यातले, कोटातले फोन काढायला लावले, जुन्यांच्या शेजारी मांडले, आणि त्यांनाही हळदकुंकू लावलं. तानाजीची हलगी मधेच एकदा वाजली, डेअरीतून फोन होता. त्याला म्हणाले, “घे बाबा, दूध नासेल.”

वागळे आला तेव्हा आम्ही पुरणपोळी खात होतो. त्यालाही वाढली. त्यानं कागद पुढे केले, अप्पांनी चष्मा लावून शांतपणे वाचले आणि सही केली. वागळेनं विचारलं, “मग ती जुनी पाटी उद्या उतरवायला माणूस पाठवू?”

“पाठवा,” अप्पा म्हणाले. “पण थांबा जरा. एक फोन राहिलाय.” माझ्यापुढे हात केला. “शैला, तुझा दे. तोच एक जिवंत आहे.”

मी माझा गोलबटण्या दिला. अप्पांनी टोपी सारखी केली आणि पाठ असलेला नंबर लावला. तीन दाबलं. आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला. सनई सुरू झाली. वागळेसुद्धा पोळीचा घास हातात धरून उभा. सनई संपली आणि ती बाई आली.

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.”

“नाही, आता निघतो बाई,” अप्पा म्हणाले. “लोकांना बाहेर जायचंय. तुमचा फोन चांगला होता. माझ्या लोकांनी शेवटपर्यंत सांभाळला, एवढं वर कळवा.”

पुन्हा सनई लागली. अप्पांनी पूजेच्या ताटातलं आपट्याचं एक पान उचललं, फोनच्या त्या निळ्या पडद्यावर अलगद ठेवलं आणि वाकून हात जोडले.

“सोनं घ्या,” म्हणाले, “सोन्यासारखं राहा.”

आणि फोन ठेवला.